४६ नगांचा गोटी सेट, दीड वर्ष वापरून: सेट ठीक आहे, माझंच काही खरं नाही

साडेतीन स्टार देतोय. कापलेला दीड स्टार डब्याच्या खटक्यासाठी आहे, माझ्या बोटांसाठी नाही, हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढचं वाचताना तुम्हाला वाटेल की हा माणूस सेटवर खार खाऊन बसलाय. तसं नाहीये. सेटने मला एकदाच दगा दिला आणि तेव्हाही चूक माझीच होती.

तर तो हिरव्या प्लॅस्टिकच्या डब्यातला ४६ नगांचा गोट्यांचा, म्हणजे नट-बोल्टवर चढवून फिरवायच्या सॉकेटचा सेट, सेल लागला की सगळ्यात वर दिसतो तो. मी मागच्या नाही, त्याच्या आधीच्या दिवाळीत घेतला, सातशेच्या आत पडला. गाडी माझ्याकडे २००९ ची सेकंडहँड वॅगनार. एका वर्कशॉपने एअर फिल्टर बदलायची जी मजुरी लावली ती बघून डोकं फिरलं, चार क्लिपा उघडायच्या आणि फिल्टर टाकायचा एवढंच तर काम, म्हटलं आता बास, आपलं आपण करायचं, रविवारी दुसरं करतो तरी काय आपण. बायको म्हणाली विचार कर. मी म्हटलं केला.

आत काय येतं: ४ पासून १४ मिलिमीटरपर्यंतच्या गोट्या, एक रॅचेट (टोकाच्या चौकोनावर गोटी बसवून खटखट फिरवायचा दांडा), एक सरकता टी दांडा, लहान-मोठं एक्स्टेन्शन, एक वाकणारं एक्स्टेन्शन, युनिव्हर्सल जॉइंट, छोटे अ‍ॅलन की आणि बाकी सगळे बिट. ४६ ऐकून छाती फुगते पण मोजायला बसलं की जवळजवळ निम्मे बिटच निघतात. फिनिश चांगलंय, क्रोम व्हॅनेडियम लिहिलंय आणि दीड वर्षात, त्यात एक अख्खा पावसाळा पुण्याच्या ओल्या पार्किंगमध्ये, एकाही गोटीला गंज नाही. १० आणि १२ च्या गोट्या बोल्टवर घट्ट बसतात, फसत नाहीत. बॅटरीचे टर्मिनल, हेडलाइट, एअर फिल्टरचा डबा, नंबर प्लेट, मुलीची सायकल, कूलरची मोटर, सगळं झालं. या कामांना पाच स्टार, डोळे मिटून घ्या.

आता खरी गोष्ट. डब्यावर गाडीचा मोठा फोटो आहे, मला वाटलं म्हणजे चाकाचे नटही आलेच. पण गोट्या १४ ला संपतात आणि माझ्या गाडीचा चाकाचा नट १९ चा, इंजिनचं जुनं ऑइल सोडायचा ड्रेन बोल्ट १७ चा. स्पार्क प्लगची लांब गोटीही नाही. म्हणजे नवशिका माणूस पहिल्या महिन्यात जे काय खोलायला जातो तेच नेमकं यात नाही, आणि हे कुठे लिहिलेलंही नाही. एवढं वाचून थांबलात तरी चालेल, तुमचे एक्स-रेचे पैसे वाचले.

माझे वाचले नाहीत. गाडीसोबत जो एल पाना येतो तो आधीच्या मालकाने दिलाच नव्हता, म्हणून मी जुन्या बाजारातून अर्धा इंची (म्हणजे मागचा चौकोन अर्ध्या इंचाचा) १९ ची सुटी गोटी आणली, सेटच्या पाव इंची चौकोनावरून अर्धा इंचीवर जाणारा एक अडॅप्टर आणला, आणि हे सगळं या सेटच्या रॅचेटला लावलं. रॅचेट केवढं, तर टूथब्रशपेक्षा दोन पेरं कमी. नट हलेना. मग गच्चीवर पडलेला नळाच्या पाइपचा हातभर तुकडा आणून रॅचेटच्या दांड्यात घुसवला, दोन्ही पाय टायरला लावले आणि गाढवासारखा मागे ओढला. तोपर्यंत सोसायटीतली दोन पोरं क्रिकेट थांबवून बघायला आली होती, त्यामुळे जरा जास्तच जोर लावला हे पण कबूल करतो.

खट्. रॅचेटचा चौकोन तुटला. मी पाठीमागे उडालो, माकडहाडावर बसलो, तिथून घसरून मागच्या अ‍ॅक्टिव्हाला धडकलो, ती शेजारच्या ज्युपिटरवर गेली आणि ज्युपिटर एका बुलेटवर. बुलेट हलली नाही, देवाची कृपा. २०२ च्या काकू गॅलरीतून ओरडल्या, "लागलं का रे?" मी म्हटलं नाही काकू. "मग गाड्या उचल आधी." मला उठता येत नव्हतं, दोन्ही गाड्या त्या पोरांनीच उचलल्या आणि उचलताना एकमेकांकडे बघून जे हसत होते ते मी विसरणार नाही.

एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर नाही निघालं, पण तीन आठवडे मी ऑफिसमध्ये मधे भोक असलेल्या उशीवर बसलो. कारण विचारलं की पायऱ्यांवरून घसरलो सांगायचो. हिशोब त्या तीन आठवड्यांत केला, आधी करायला पाहिजे होता: छोट्या गाडीच्या चाकाचा नट साधारण ८५ न्यूटन मीटरला आवळतात, या रॅचेटचा दांडा आहे १५ सेंटीमीटर, म्हणजे टोकाला जवळपास ५८ किलो जोर पाहिजे, आणि तो नट वर्षानुवर्षं एअर गनने आवळलेला आणि गंजलेला असेल तर दुप्पट धरा. आणि हे सगळं ज्या चौकोनावर येतं तो सव्वासहा मिलिमीटरच्या आसपास, शेंगदाण्याएवढा. पाइप लावून हात लांब होतो, चौकोन जाड होत नाही. शाळेत तरफ शिकलो होतो, मार्कही पडले होते.

नाना पेठेत स्पेअर पार्टच्या दुकानात तुटलेलं रॅचेट घेऊन गेलो. गल्ल्यावरच्या काकांनी चष्मा कपाळावर घेतला, तुकडा हातात फिरवला आणि विचारलं, "कशाला वापरलंत?" मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, आतल्या मुलाला नुसती हाक मारली, "अरे, बघ इकडे." मग मला म्हणाले, साहेब हे कपाटाच्या बिजागरीला छान आहे. चाकाला अर्धा इंची टॉमी, म्हणजे साधा लांब जाड दांडा घ्या, रॅचेट सैल झालेला नट भराभर काढायला असतं, अडकलेला सोडवायला टॉमी. आणि चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करायचा, मग जॅक. ज्ञान फुकट दिलं, टॉमीचे पैसे मात्र एक रुपया सोडला नाही.

रॅचेट विक्रेत्याने दहा दिवसांत बदलून दिलं. तक्रारीत मी 'नॉर्मल वापरात तुटलं' असं लिहिलं होतं, पाइपचा उल्लेख राहून गेला. म्हणून सर्व्हिसला मी पूर्ण मार्क देतोय, थोडी लाजही वाटते.

ड्रेन बोल्टचं प्रकरण वेगळं, तिथे सेट निर्दोष आहे कारण मी वापरलाच नाही. १७ ची गोटी नाही म्हणून घरातला स्क्रू पाना घेतला. जबडा जरासा सैल होता. गाडीखाली उताणं झोपून, मान वाकडी करून, पाना स्वतःपासून लांब ढकलला, तो निसटला, बोल्टच्या कडा गोल झाल्या आणि माझी चार बोटं सरळ खालच्या पत्र्याच्या धारेवर. सालपटं निघाली, पेरांची. यातून एवढं शिकलो की पाना नेहमी आपल्याकडे ओढायचा, ढकलायचाच असेल तर मूठ उघडी ठेवून तळव्याने ढकलायचा, म्हणजे निसटला तरी पेरं वाचतात. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं, डॉक्टरांनी शेवटचं कधी घेतलं विचारलं, मला आठवेना, म्हणाले मग घेऊनच टाका, तुमचा छंद बघता उपयोगी पडेल.

पुढच्या रविवारी व्यवस्थित १७ चा रिंग पाना आणला. ऑइल कोमट असलं की चांगलं वाहतं असं ऐकलं होतं म्हणून कात्रजपर्यंत जाऊन आलो आणि आल्या आल्या खाली शिरलो. कोमट कुठलं, चटके देणारं होतं. बोल्ट शेवटच्या आट्याला आला तसा बोटांनी फिरवायला लागलो, हात वर धरलेला, आणि काळं गरम ऑइल पंजावरून मनगट, मनगटावरून कोपर आणि तिथून थेट बाहीत काखेपर्यंत. मी हात झटकला, बोल्ट ऑइलमध्ये पडला, डोकं वर आपटलं. आणि खाली ऑइल धरायला लावलेली परात ही आईची होती. मला वाटलं जुनी आहे, माळ्यावर होती. ती पुरण वाटून काढायची परात निघाली. आईला अजून ते साखर-डिटर्जंटने चारदा घासून ठेवलेलं पटलेलं नाही, आणि बरोबरच आहे तिचं, वापरलेलं इंजिन ऑइल कातडीलाही चांगलं नसतं, जेवणाच्या भांड्याची तर बातच सोडा. नवीन परात आणून दिली. जुनी आता कायमची गाडीची. थांबायचं किती तर अर्धा तास तरी, साइलेन्सरला तर त्यानंतरही हात लावू नका.

इथे मावसभावाचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो सांगलीला असतो, त्याची गाडी वेगळी, आत्मविश्वास माझ्यासारखाच. त्याने एकदा खाली जाऊन ऑइल काढलं, वरून नवीन साडेतीन लिटर भरलं, गाडी चालू केली आणि फोन केला की अरे डिपस्टिकवर ऑइल मापाच्या कितीतरी वर दिसतंय. मी विचारलं जुनं ऑइल काळं होतं का? म्हणाला नाही रे, चांगलं मधासारखं होतं, वास मात्र घाण येत होता, फटाक्यासारखा. तो गंधकाचा वास गियर ऑइलचा. पठ्ठ्याने इंजिनऐवजी गियरबॉक्सचं बूच काढलं होतं, म्हणजे गियरबॉक्स कोरडा आणि इंजिनमध्ये डबल. नशीब गाडी पार्किंगमधून हलवली नव्हती. मी त्याला फोनवर खूप हसलो, मोठ्या माणसासारखं समजावलं पण. तेव्हा माझा हात काळा होता आणि काखेत ऑइल होतं हे त्याला आजतागायत माहीत नाही.

बॅटरी. हे जरा नीट वाचा, इथे हसण्यासारखं कमी आहे. मी सेटची १० ची गोटी एक्स्टेन्शनवर लावून पॉझिटिव्हचा नट सोडवत होतो, निगेटिव्ह लावलेलाच. दांड्याचं दुसरं टोक शेजारच्या पत्र्याला टेकलं. गाडीचा सगळा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो, म्हणजे मी स्वतःच्या हाताने बॅटरीची दोन टोकं जोडली. जाळ झाला, फटकन आवाज, रॅचेटच्या डोक्यावर तांदळाएवढा खड्डा पडलाय तो अजून आहे. आणि माझी साखरपुड्याची अंगठी दांडा आणि पत्रा यांच्यामध्ये होती. १२ व्होल्टचा शॉक लागत नाही म्हणतात, खरंय, शॉक नाहीच लागला, पण शॉर्ट झाल्यावर त्या बॅटरीतून शेकड्यांनी अँपिअर जातात आणि सोनं एका क्षणात तापतं. बोटाभोवती गोल फोड. अंगठी निघेना.

घरात एकच गोंधळ, आई हळद घेऊन आली, बायको टूथपेस्ट, शेजारून कोणीतरी शाई सुचवली. डॉक्टरांना फोन लावला तर म्हणाले काहीही लावू नका, वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा आणि सूज यायच्या आत अंगठी काढा. बर्फ नको म्हणाले. साबण लावून, दोरा गुंडाळून निघाली एकदाची. त्या दिवसापासून बोनेट उघडायच्या आधी अंगठी, घड्याळ आणि हातातलं कडं खिशात, आणि निगेटिव्ह आधी काढायचा, लावताना शेवटी लावायचा. निगेटिव्ह सुटलेला असला की पॉझिटिव्हवरचा पाना पत्र्याला लागला तरी काही होत नाही. इतकी साधी गोष्ट. तो गोल डाग अजून आहे, बायको म्हणते ही अंगठी तरी हरवणार नाहीस.

आता डब्याचा खटका, ज्याचा दीड स्टार. डबा दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. उलटा उघडलात की ४६ च्या ४६ खाली. प्लॅस्टिकचे खाचे एवढे सैल आहेत की सुलटा उघडला तरी मोठ्या गोट्या आपापल्या जागी बसलेल्या नसतात, उचलताना खुळखुळतात. खटका सहा महिन्यांत मोडला, आता चपलेच्या डब्याला लावतात तसं रबर लावलंय. तर झालं असं की मी डबा एअर फिल्टरच्या झाकणावर ठेवला, खटका सुटला आणि सगळा माल इंजिनमध्ये. मुलीच्या स्पीकरमधलं चुंबक काढून दोऱ्याला बांधून एकेक वर काढलं, दोन तास, ४५ मिळाले. मिळाली नाही ती १० ची. नाहीच मिळणार, वॅगनारला जिथे हात लावाल तिथे १० चा बोल्ट, मग दुसरं काय हरवणार.

दिसत होती मात्र. बॅटरीच्या ट्रेच्या मागे, हेडलाइटच्या खाली, चमकत होती. बोटं सरळ केली तर पंजा आत गेला. गोटी हाताला लागली, मूठ आवळली. हात बाहेर येईना.

लहानपणी माकड आणि गाडग्याची गोष्ट ऐकली असेल सगळ्यांनी, फुटाण्याची मूठ सोडत नाही म्हणून हात अडकतो. मला ती गोष्ट त्या क्षणी पूर्ण आठवत होती, तात्पर्यासकट. पण १० ची गोटी होती हो ती. दहा मिनिटं मी वेगवेगळ्या कोनात हात फिरवून बघितला, मनगट सुजलं, मग मूठ सोडली तरी हात निघेना. मोबाईल सीटवर वाजत होता, रिंगटोन पूर्ण वाजून बंद, परत चालू. बोनेटमध्ये छातीपर्यंत वाकलेला, एक पाय हवेत. वॉचमन दादा राउंडला आले, लांबून बघून त्यांना वाटलं मी गाडीवर कोसळलोय, त्यांनी शिट्टी मारली. शिट्टी! रात्री चोर दिसला की मारतात ती. अख्खी बिल्डिंग खाली. २०२ च्या काकू सगळ्यात पुढे, यावेळी त्यांनी लागलं का विचारलंच नाही, थेट भांड्याच्या साबणाची बाटली घेऊन आल्या होत्या. अर्धी बाटली मनगटावर ओतली तेव्हा हात सुटला. गोटी आणखी खोल गेली, टणटण आवाज करत, सगळ्यांनी ऐकली.

जॅकच्या बाबतीत मी हिरोगिरी केली नाही, तेवढी अक्कल होती. गाडीसोबतचा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता, त्यावर गाडी ठेवून खाली शिरायचं नसतं. हायड्रॉलिक असला तरी आत रबराची सील असते, ती कधी सोडेल सांगता येत नाही. विटा लावणारे बघितलेत मी, वीट वाकत नाही, डायरेक्ट फुटते, खालच्या माणसाला सरकायला वेळ मिळत नाही. घोड्या, म्हणजे गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड घ्या, जोडीने, सपाट फरशीवर लावा, आणि वर घेतल्यावर गाडी एकदा हलवून बघा, मगच खाली जा. गरम रेडिएटरचं झाकणही मी कधी उघडलेलं नाही, आतलं पाणी प्रेशरमुळे शंभरच्या वर तापूनही उकळत नसतं, झाकण फिरवलं की एकदम वाफ होऊन तोंडावर येतं. या दोन गोष्टींत लाज वाटत नाही, थेट अ‍ॅम्ब्युलन्स लागते.

घ्यावा का? घरात एकही पाना नसेल तर घ्या, छोट्या कामांना याच्याइतका सोयीचा दुसरा नाही. पण सोबत १७ चा रिंग पाना, १९ ची अर्धा इंची गोटी आणि टॉमी वेगळी घ्या, आणि आला की डब्याला पहिल्याच दिवशी वरच्या बाजूने मार्करने 'वर' लिहा. सुटी १० ची गोटी मिळते, मी दोन आणल्यात, एक खिशात ठेवतो.

मागच्या महिन्यात क्लचच्या कामाला गाडी गॅरेजला दिली होती, तिथल्या पोराने खालचा प्लॅस्टिकचा गार्ड काढला आणि आनंदाने ओरडला, "साहेब, तुमची १० ची गोटी!" मी हातात घेऊन बघितली. माझी चकचकीत होती, ही काळी, घासलेली, आधीच्या मालकाची असणार. चौकोन अर्धा इंची. माझ्या रॅचेटला बसत नाही.